कोण जिंकणार?

उद्या काय घडणार हे आजच कळावे, ही इच्छा मनुष्याच्या मनात फार प्राचीन काळापासून आहे. शेतकरी मृगाच्या आधी आकाशाकडे पाहतो, व्यापारी पुढल्या महिन्यातील भावाचा विचार करतो, आणि परीक्षा देऊन घरी आलेला विद्यार्थी निकालाच्या कितीतरी आधी आपले गुण मोजू लागतो. आमच्या दुधनीसारख्या बाजारपेठेच्या गावात तर अंदाज बांधणे हा नित्याचाच व्यवहार आहे. तुरीचा हंगाम जवळ आला, की पीक किती उतरेल, आवक केव्हा वाढेल, भाव चढेल की पडेल, यावर अडत दुकानांच्या ओट्यांवर मराठीत आणि कानडीत तासन् तास वाद चालतात. जो तो आपापली कारणे मांडतो. कोणाचे खरे ठरते, कोणाचे खोटे ठरते. पण पुढच्या वर्षी तोच वाद तितक्याच हिरिरीने पुन्हा रंगतो.

असाच एक वाद दर चार वर्षांनी साऱ्या जगात रंगतो. त्याचा विषय तूर नसून चेंडू असतो. फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेचा दिवस जसजसा जवळ येऊ लागतो, तसतसा चहाच्या दुकानात, आगगाडीच्या डब्यात, शाळेच्या पटांगणात एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : यंदा कोण जिंकणार?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत मोठ्या आवाजात कोठे विचारला जात असेल, तर तो कोल्हापुरात. कोल्हापूर म्हटले की आपल्याला राजर्षी शाहू महाराज आणि त्यांनी नावारूपास आणलेली कुस्ती आठवते. पण ज्या तालमींनी मल्ल घडवले, त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघही उभे केले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावे ऐकून परक्या मनुष्याच्या डोळ्यांपुढे लाल मातीचा आखाडा उभा राहील. वस्तुतः ही नावे फुटबॉलच्या संघांची आहेत. शाहू स्टेडियममध्ये या संघांचे सामने होतात, तेव्हा पेठच्या पेठ आपल्या संघामागे उभी राहते. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच संघासाठी घसा कोरडा करताना तेथे दिसतात.

अशा या गावात विश्वचषकाचे वारे वाहू लागले, म्हणजे काय होत असेल याची कल्पना तुम्ही करू शकाल. चौकाचौकांत परदेशांचे ध्वज फडकू लागतात. एका गल्लीत ब्राझीलचा पिवळा-हिरवा रंग, तर तिला लागूनच असलेल्या दुसऱ्या गल्लीत अर्जेंटिनाचा आकाशी आणि पांढरा. आवडत्या खेळाडूंची भव्य चित्रे उभारली जातात. ज्या देशाचे दर्शन कोणी कधी घेतलेले नाही, ज्याची भाषा कोणाला येत नाही, त्या देशाच्या विजयासाठी एखादी गल्ली महिनाभर जागी राहते. केरळातही हीच रीत आहे. २०२२ साली कोझिकोड जिल्ह्यातील पुल्लावूर या गावी नदीच्या पात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांच्या प्रचंड आकृती उभ्या केल्या होत्या. त्या तिन्ही आकृतींच्या मागे एकमेकांशी ईर्षा करणारे तीन वेगवेगळे समर्थकगण होते.

आता तुम्ही विचाराल, की आपला देश सोडून परक्या देशाची एवढी काळजी कशासाठी? त्याचे उत्तर सरळ आहे. पुरुषांच्या विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत भारताचा संघ आजवर एकदाही खेळलेला नाही. १९५० साली ब्राझीलमध्ये झालेल्या स्पर्धेत भारताला स्थान मिळाले होते, परंतु संघ गेला नाही. पुढे तशी संधी पुन्हा आली नाही. २०१७ साली मात्र सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतातच भरली. तिचे काही सामने नवी मुंबईत झाले, आणि त्या स्पर्धेत खेळलेल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ या दिवशी महाराष्ट्रातील शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळण्यास सांगण्यात आले होते. ज्या पटांगणांनी तोवर खोखो आणि कबड्डीच पाहिली होती, तेथेही त्या दिवशी चेंडू उडाला.

मोठ्यांच्या स्पर्धेत आपला संघ नसल्यामुळे समर्थकाला देश निवडावा लागतो. कोणी पेलेच्या कीर्तीमुळे ब्राझीलचा झाला. कोणी १९८६ साली मॅराडोनाचा खेळ दूरदर्शनवर पाहून अर्जेंटिनाचा झाला, आणि घरातील लहानांना त्याने तोच वारसा दिला. गोव्यातील कित्येकांना पोर्तुगालविषयी जिव्हाळा वाटतो, त्यामागे साडेचार शतकांचा इतिहास आहे. ही निवड विचाराने केलेली नसते, आणि तशी ती असण्याची आवश्यकताही नाही.

परंतु येथेच एक घोटाळा होतो, आणि त्याकडे मला तुमचे लक्ष वेधावयाचे आहे. ब्राझीलच्या समर्थकाला विचारा, 'कोण जिंकणार?' तो तत्काळ सांगेल, 'ब्राझील.' अर्जेंटिनाचा समर्थक तितक्याच ठामपणे 'अर्जेंटिना' म्हणेल. दोघांनीही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. कोणी जिंकावे असे आपल्याला वाटते, हे त्यांनी सांगितले आहे. कोण जिंकेल, हे नव्हे. 'जिंकावे' आणि 'जिंकेल' ही एकाच धातूची दोन रूपे आहेत. व्याकरणाच्या तासाला पहिल्याला आपण विध्यर्थ म्हणतो आणि दुसरे भविष्यकाळाचे रूप म्हणून ओळखतो. व्याकरणात न चुकणारा विद्यार्थीही व्यवहारात या दोहोंची गल्लत करतो.

भविष्यकाळाचे रूप वापरावयाचे, तर त्याला आधार हवा. तो आधार कोठे मिळतो? पहिला आधार इतिहासाचा. ही स्पर्धा १९३० साली उरुग्वे देशात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ आणि १९४६ या वर्षी ती झाली नाही. २०२२ पर्यंत एकंदर २२ स्पर्धा झाल्या, आणि त्या सर्व मिळून अवघ्या आठ देशांनी जिंकल्या. ब्राझीलने पाच वेळा, जर्मनी आणि इटली यांनी प्रत्येकी चार वेळा, अर्जेंटिनाने तीन वेळा, उरुग्वे आणि फ्रान्स यांनी प्रत्येकी दोनदा, तर इंग्लंड आणि स्पेन यांनी प्रत्येकी एकदा. जगात दोनशेंहून अधिक देश फुटबॉल खेळत असता चषक मात्र आठ घरांतच फिरत राहिला. तेव्हा ज्याला अंदाज करावयाचा आहे, त्याने प्रथम या आठ देशांकडे पाहणे शहाणपणाचे होय.

दुसरा आधार भूमीचा. आपल्या अंगणात मांजरही वाघ होते असे म्हणतात, आणि आकडे त्याला काही अंशी दुजोरा देतात. २२ पैकी सहा वेळा यजमान देशच विजयी झाला. याहून नवलाची गोष्ट अशी : युरोपात ज्या ११ स्पर्धा झाल्या, त्यांपैकी दहा युरोपातीलच देशांनी जिंकल्या. फक्त १९५८ साली स्वीडनमध्ये ब्राझीलने तो क्रम मोडला. अमेरिका खंडात झालेल्या आठ स्पर्धांपैकी सात दक्षिण अमेरिकेच्या देशांनी जिंकल्या, आणि २०१४ साली ब्राझीलमध्ये जर्मनीने तो नियम खोटा पाडला. दूरचा प्रवास, परके हवामान, परके अन्न, आणि प्रेक्षकांचा ओरडा कोणाच्या बाजूचा आहे, या सर्वांचा परिणाम खेळणाऱ्याच्या पायांवर होतोच. यांखेरीज आजचा संघ कसा आहे, कोण जायबंदी आहे, साखळी फेरीत कोणाशी गाठ पडणार आहे, हेही पाहावे लागते. तुरीचा व्यापारी जसा केवळ मागील वर्षाच्या भावावर विसंबत नाही, यंदाचा पाऊसही पाहतो, तसेच हे आहे.

इतके सारे पाहूनही अंदाज चुकतात, आणि वारंवार चुकतात. असे का व्हावे? याचे रहस्य या खेळाच्या घडणीतच आहे. कबड्डीच्या एका सामन्यात दोन्ही बाजू मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एखादी चढाई दैवाने फसली, तरी बलवान संघ पुढच्या दहा चढायांत ती कसर भरून काढतो. क्रिकेटमध्ये तर धावांची गणती शेकड्यांनी होते. फुटबॉलचे तसे नाही. २०२२ च्या स्पर्धेत ६४ सामने झाले आणि एकंदर १७२ गोल झाले. म्हणजे नव्वद मिनिटे बावीस खेळाडू धावून सामन्याला सरासरी तीन गोलही पडले नाहीत. जेथे गुणच इतके थोडे, तेथे एका चुकलेल्या पावलाची किंमत फार मोठी होते. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर आला, एवढ्यावर दुबळा संघ बलाढ्याला नमवू शकतो. कोणी याला खेळातील उणीव म्हणेल. मला तर ही त्याची मोहिनी वाटते.

आता थोडे गणित करू. असे समजा, की एक संघ इतका प्रबळ आहे, की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याशी त्याचे चार सामने झाले तर तो तीन जिंकेल. अशा संघावर आपण निःशंकपणे बोट ठेवू. १९९८ पासून २०२२ पर्यंतच्या स्पर्धांत ३२ संघ असत, आणि साखळी फेरी पार केल्यावर विश्वचषकासाठी ओळीने चार सामने जिंकावे लागत. एक हरला की परतीचा रस्ता. म्हणून तीन-चतुर्थांश हा अपूर्णांक चार वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर येते २५६ पैकी ८१, म्हणजे एक-तृतीयांशाहूनही कमी! ज्याला आपण जगज्जेता ठरवून बसलो, तोच संघ चषकावाचून परत जाण्याचा संभव दुपटीहून अधिक आहे. २०२६ च्या स्पर्धेसाठी संघांची संख्या ४८ करण्यात आली आणि बाद फेरीत एका सामन्याची भर पडली. तेव्हा आणखी एकदा गुणा : १०२४ पैकी २४३. आता तर तो संभव एक-चतुर्थांशाच्याही खाली आला. आणि साखळी फेरीतील धोका आपण हिशेबात धरलेलाच नाही.

याच २५६ या संख्येवरून एक मौजेची हकिगत आठवते. २०१० साली स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत चालू होती. जर्मनीतील ओबरहाउझेन गावच्या मत्स्यालयात पॉल नावाचा एक अष्टपाद जलचर होता. सामन्यापूर्वी त्याच्या टाकीत दोन पेट्या सोडीत. प्रत्येकीवर एकेका देशाचा ध्वज लावलेला असे आणि आत खाद्य ठेवलेले असे. तो ज्या पेटीतील खाद्य आधी खाईल, तो देश जिंकणार असा त्याचा कौल मानीत. जर्मनीच्या सातही सामन्यांचे आणि अखेरच्या सामन्याचे मिळून त्याचे आठही कौल खरे ठरले! उपांत्य सामन्यात जर्मनी हरणार असा कौल त्याने दिला आणि तसेच घडले, तेव्हा त्याला शिजवून खावे असेही काही संतप्त समर्थक म्हणू लागले.

मुक्या जीवाच्या हालचालींवरून भविष्य जाणण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सोलापुरात संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते, तीत होम मैदानावरील होमविधीनंतर वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, पान, सुपारी असे पदार्थ मांडतात, आणि ते कशाला तोंड लावते, कसे वागते, यावरून येत्या वर्षाविषयी भाकीत सांगितले जाते. तो शतकानुशतकांच्या श्रद्धेचा विधी आहे, आणि त्याची बरोबरी मत्स्यालयातील करमणुकीशी करण्याचा माझा हेतू नाही. पॉलच्या बाबतीत मात्र हिशेब करून पाहण्यास हरकत नसावी.

एका मोठ्या मैदानावर २५६ मुले उभी करा आणि प्रत्येकाच्या हाती एकेक नाणे द्या. सर्वांनी नाणे उडवावे. ज्याचा काटा पडेल त्याने खाली बसावे, ज्याचा छापा पडेल त्याने उभे राहावे. पहिल्या खेपेस सुमारे १२८ उभी राहतील, दुसऱ्या खेपेस ६४, मग ३२, १६, ८, ४, २, आणि आठव्या खेपेनंतर साधारणपणे एक मुलगा उभा राहील. त्याने आठ वेळा ओळीने छापा पाडला आहे. म्हणून त्याला नाण्याची विद्या अवगत झाली असे म्हणता येईल काय? कोणीतरी एक उरणारच होता, तो हा उरला. जगात त्या काळी किती ठिकाणी किती पशुपक्ष्यांकडून असे कौल मागितले असतील! ज्यांचे चुकले, त्यांची नावे वृत्तपत्रांत आली नाहीत. ज्याचे जुळले, तो जगप्रसिद्ध झाला. शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या युरोपीय स्पर्धेत पॉलचे सहापैकी दोन कौल चुकलेलेच होते. पण ते कोण सांगत बसतो?

येथवर गोष्ट गमतीची झाली. परंतु अंदाजाला जेव्हा खात्रीचा गर्व चढतो, तेव्हा ती गंभीर होते. १९५० सालचा प्रसंग पाहा. १६ जुलै रोजी रिओ द जानेरो येथील माराकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांचा निर्णायक सामना होता. ब्राझीलने आधी स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे धूळ चारली होती. उरुग्वेला त्याच स्पेनशी बरोबरी करावी लागली होती. ब्राझीलला तर बरोबरीही पुरेशी होती. म्हणजे ब्राझीलच जिंकेल हा अंदाज निराधार नव्हता. कोणीही विचारी मनुष्य तोच करता. चूक अंदाजात नव्हती. खेळ होण्यापूर्वीच तो झाला असे मानण्यात चूक होती. एका वृत्तपत्राने सामन्याआधीच ब्राझीलच्या खेळाडूंचे चित्र 'हेच जगज्जेते' अशा मथळ्याने छापले. विश्वचषकाचे जनक ज्यूल रिमे यांनी ब्राझीलच्या अभिनंदनाचे भाषण लिहून खिशात ठेवले. पहिला गोल ब्राझीलनेच केला. मग स्कियाफिनोने उरुग्वेसाठी बरोबरी साधली आणि ७९व्या मिनिटाला घिज्जाने दुसरा गोल केला. सुमारे पावणेदोन लाख माणसांच्या त्या मैदानावर स्मशानशांतता पसरली. रिमे यांचे भाषण खिशातच राहिले, आणि त्यांनी गर्दीतच उरुग्वेचा नायक ओब्दुलिओ वारेला याच्या हाती चषक दिला.

१९९४ सालची कथा याहून दुःखद आहे. आदल्या वर्षी कोलंबियाच्या संघाने अर्जेंटिनाला त्यांच्याच भूमीवर ५-० असे हरवले होते. साक्षात पेलेने कोलंबियाचे नाव संभाव्य विजेता म्हणून घेतले. देशातील जनतेच्या अपेक्षा आभाळाला भिडल्या. प्रत्यक्षात संघ पहिला सामना हरला, आणि २२ जून रोजी अमेरिकेविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात आंद्रेस एस्कोबार या बचावपटूच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला. कोलंबिया पहिल्याच फेरीत बाद झाली. एस्कोबार मायदेशी परतला. २ जुलैच्या पहाटे मेदेयीन शहरात त्या गोलावरून त्याला हिणवणाऱ्या लोकांशी त्याची बोलाचाली झाली, आणि त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. चेंडू अडवण्यासाठी त्याने पाय पुढे केला होता. ते त्याचे कामच होते.

कोल्हापूरच्या मैदानानेही समर्थकांमधील हाणामाऱ्या पाहिल्या आहेत. त्या पाहिल्या म्हणजे एस्कोबारची कथा आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही असे मनात येते. तीच गोष्ट पैशांच्या पैजेची. मित्रामित्रांत पेरूची किंवा भेळेची पैज लागली, तर हरणाऱ्याचे फारसे काही जात नाही. पण पैसा लागला की मनुष्य सामना पाहणे सोडून आपला खिसा पाहू लागतो. ज्याला २५६ पैकी ८१ चा हिशेब समजला, त्याने या वाटेला का जावे?

त्यापेक्षा एक निराळा खेळ करून पाहा. स्पर्धेच्या पहिल्या दिवसापूर्वी एका कागदाच्या दोन रकाने करा. एकावर 'कोणी जिंकावे' असे लिहा, दुसऱ्यावर 'कोण जिंकेल'. दुसऱ्या रकान्यात नावासमोर कारणही लिहा. कागदाची घडी करून ती मित्राजवळ ठेवा आणि शेवटपर्यंत उघडू नका, म्हणजे मागाहून 'मी हेच म्हणत होतो' असे म्हणण्याची सोय राहणार नाही. निकालानंतर पाहताना नाव जुळले की नाही, हे पाहून थांबू नका. जे कारण लिहिले होते ते योग्य होते की नाही, हेही तपासा.

२०२२ साली ज्यांनी अशी घडी ठेवली असेल, त्यांची मनःस्थिती मोठी विचित्र झाली असणार. कतारमधील त्या स्पर्धेत अर्जेंटिनाचा संघ ओळीने ३६ सामने अपराजित राहून उतरला होता. २२ नोव्हेंबरला पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाने त्याला २-१ असे हरवले. अर्जेंटिनाचे नाव लिहिलेल्या किती जणांना आपला कागद फाडून टाकावा असे त्या रात्री वाटले असेल! पण संघ सावरला आणि १८ डिसेंबरला लुसैलच्या मैदानावर फ्रान्ससमोर अंतिम सामन्यास उभा राहिला. ७९ मिनिटे होईपर्यंत अर्जेंटिना २-० असा पुढे होता, आणि फ्रान्सचे नाव लिहिणारे माना खाली घालून बसले होते. एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले. जादा वेळेत मेस्सीने गोल केला, तो एम्बापेने पुन्हा फेडला. ३-३ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीची पाळी आली. अर्जेंटिनाचा माँतिएल चेंडूकडे धावत निघाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. चेंडू जाळ्यात गेला, पेनल्टीत ४-२ असा निकाल लागला, आणि कोल्हापूरच्या पेठांतून आकाशी-पांढरे ध्वज घेऊन माणसे रस्त्यावर आली.